उडण्याआधीचा सत्कार

जावयानं दिल्लीहून विमानाची दोन तिकिटं पाठवली आणि गहिनीनाथांच्या घरात नवराबायकोची जुंपली. जावई गोरक्ष दिल्लीच्या विमानतळावर मेकॅनिक होता. घरच्या माणसांना वर्षातून एकदा त्याला फुकट बसवता यायचं. लेकीचं, चांगुणाचं, पहिलं बाळंतपण होतं. ते खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरणीनं तिला जागची हलू नको म्हणून बजावलं होतं. लेक येत नाही म्हटल्यावर आईबापांनी जायचं, एवढं ठरलं. कशानं जायचं, ते मात्र ठरेना.

"दोन तासांत दिल्ली!" गहिनीनाथ म्हणाले. "हितं नेवाशाला बाजाराला जाऊन यायला दीस मोडतो, राही. आन् तिथं च्या पिऊन होईस्तवर दिल्ली."

"मग च्या सांडंल की," राहीबाई जातं थांबवून म्हणाली. "अवं, ज्या वाटंत टेसान न्हाई, झाड न्हाई, शेजारी बसून 'कुठल्या गावच्या तुमी' म्हनून इचारनारी बाई न्हाई, त्यो कसला परवास? पाय उचलायचा आन् निस्ता टाकायचा. आगीनगाडीत कसं, लेकीकडं जरा जरा सरकतोय आसं वाटतं."

"आन् कोळसा डोळ्यांत जातो, ते?"

"जाऊ द्या. लेकीला भेटाया चाललेल्या आयचं डोळं तसंबी कोरडं नसत्यात."

जातं पुन्हा फिरू लागलं. पिठाच्या धारेबरोबर राहीबाईचा गळाही सुटला:

दिल्लीला दिली लेक, वाट सरता सरंना
आगीनगाडीच्या डब्यात माझी माया गं मावंना

माया मावणं अवघड होतंच, कारण तिच्या मायेत डिंकाचे लाडू होते, अळीव होते, शेगडी होती, आणि सुताराकडून मुद्दाम घडवून घेतलेला शिसवी पाळणा होता. पहिल्या नातवंडाचा पाळणा आजोळहून जातो. विमानात पाळणा चढू देत नाहीत, असं गोरक्षनं कळवलं आणि राहीबाईचा निकाल लागला. ती रेल्वेनं जाणार. सोबतीला विहीणबाई, गोरक्षची आई बनुबाई. तिची जीभ अशी, की तिच्याशी बोलताना माणसं आधी टोपी नीट करायची.

"तुमी दोघी मनमाडला गाडीत बसायच्या आदी मी दिल्लीला जाऊन लेकीच्या हातचा च्या पिलेला आसंन," गहिनीनाथांनी जाहीर करून टाकलं.

ही बातमी गावात फिरली. पंचक्रोशीत आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं. सरपंच कारभारीअण्णा स्वतः उठून आले.

"गहिनीनाथराव, गावाचं नाव आभाळात न्यायला निघाला. सत्कार झाला पायजे."

"अवं, पर आजून बसलो कुठं? आल्यावर करा की."

"आल्यावर कारखान्याच्या निवडणुका लागतील. मग कुनाला येळ हाय? आधीच करून टाकू."

आणि तिथंच चूक झाली. हार गळ्यात पडला, शाल खांद्यावर आली, हातात नारळ आला. अण्णा पाऊण तास आभाळावर बोलले. सत्कार घेतला म्हणजे उडणं भागच पडलं.

मुंबईपर्यंत गनीभाईच्या मालट्रकमधून जायचं होतं. गनीभाई कांदा घेऊन मुंबईला जायचाच. दोघांची मैत्री लंगोट्या वयापासूनची. "अरे गहिन्या, उद्या सकाळी निघू. परवा सकाळचं तुझं इमान. मधी झोप काढूनसुदीक टायमात पोचू," तो म्हणाला, आणि हिशोब बरोबरच होता. त्यात फक्त माणसं धरलेली नव्हती.

घोडेगावला रस्त्यावर बाक आडवा टाकलेला. गहिनीनाथांचे साडू पुढं झाले. "खाली उतरा. तुमच्या गावानं केला, मग आमी काय मेलोय व्हय?"

हार, शाल, नारळ. तिथलं आटोपून नगरला आले, तर चुलतमेहुण्यांनी वेशीपाशी ट्रक धरला.

"निस्ता नारळ द्या, बसल्या जागी घेतो," गहिनीनाथ खिडकीतून म्हणाले.

"बसल्या जागी? घोडेगावकरांचा उभ्यानं घेतला आन् नगरकरांचा बसून? आमची काय सोयरीक हलकी हाय?"

ते उतरले. सुप्याला तर कमाल झाली. मांडव होता, माणसं होती, हार होता. पण ज्यांच्या हस्ते सत्कार व्हायचा ते सोसायटीचे चेअरमन शेतात विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला गेलेले. त्यांना बोलवायला सायकलवाला गेला. सायकल पंक्चर झाली. त्याला आणायला दुसरा गेला. चेअरमन आले ते हाताला ऑइल, पायाला चिखल, आणि आल्याबरोबर अंघोळीला गेले. गनीभाई स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाला, "गहिन्या, इमान सुटंल रं."

"सुटू दे, पर सुप्याची सोयरीक तुटली तर राही मला घरात घेनार न्हाई. तिचं माह्यार हाय हे."

हाराच्या वासात कांद्याचा वास, आणि दर गावाला वाढत जाणारे नारळ. घाटात ट्रक चढेना, तेव्हा गनीभाईला शंका आली की कांदा जास्त झाला की सत्कार. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी सांताक्रूझच्या विमानतळाच्या फाटकापाशी ट्रक थांबला, तेवढ्यात डोक्यावरून भयंकर आवाज करीत काहीतरी चांदीसारखं चकाकत गेलं. दोघांनी माना वर केल्या.

"काय देखणं हाय, न्हाई?" गहिनीनाथ भारावून म्हणाले.

गनीभाईनं फाटकावरच्या शिपायाला विचारलं आणि परत येऊन हळूच सांगितलं, "ते तुझंच हुतं."

फुकटाच्या तिकिटावर पुढच्या विमानात जागा मिळेल की नाही, ते काचेमागच्या माणसालाही सांगता येईना. लेकीचे दिवस भरलेले. गहिनीनाथांचा चेहरा सुकलेल्या हारासारखा झाला. मग गनीभाईनंच त्यांना बोरीबंदरला नेलं आणि दिल्लीच्या मेलगाडीत बसवून दिलं.

"गनी, गावात काय सांगशील?"

"इमानतळावर सोडला आसं सांगन. खोटं हाय का? सोडलाच हुता की."

गाडी हलली. गहिनीनाथ बाकावर आडवे झाले आणि तोंडावर शाल ओढून घेतली. चार शाली असल्यामुळे कोणती ओढायची हा प्रश्न पडला, तेव्हा घोडेगावची ओढली. ती जाड होती. चार सत्कार घेऊन आपण रेल्वेनं चाललोय, हे आपल्याला स्वतःलासुद्धा दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

ऊन कलताना गाडी एका मोठ्या स्टेशनात थांबली. एकच गिल्ला झाला. दारातून आधी एक पाळणा आत आला. त्याच्यामागून आवाज आला, "सरका, सरका! नातवाचं सिव्हासन हाय, धक्का लावू नगा!"

मनमाड! दिल्लीला जाणारी गाडी मनमाडवरूनच जाते, आणि राहीबाई ज्या गाडीत बसणार होती ती हीच, हे त्यांच्या ध्यानात आता आलं. त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि अंग चोरून मुटकुळं केलं.

"ओ पाव्हनं," बनुबाईचा आवाज अगदी कानापाशी आला, "कवाधरनं झोपलाय? बायामान्सं हुबी हायेत. उठा!"

पाव्हणं घोरू लागले.

"काय बाई शाल तरी भारी! लगीन लागल्यासारखं झोपलंय." आणि विहीणबाईंनी शाल ओढली.

मग बनुबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि शांतपणे विचारलं, "व्याही, इमान हितं पानी भरायला थांबलं व्हतं का?"

गहिनीनाथ उठून बसले. घोडेगावच्या शालीची ते घडी घालू लागले. समोर राहीबाई उभी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, बाकाखालच्या नारळांच्या पोत्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं असावं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळधरनं काय खाल्लंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिनं गाठोडं सोडलं, भाकरी काढली, वर लसणाची चटणी ठेवली, आणि त्यांच्या शेजारी बसली. गाडी निघाली. बाहेर ज्वारीची रानं संध्याकाळच्या उन्हात पिवळी झाली होती, पाखरं घराकडे वळत होती. गहिनीनाथ भाकरी खात खात खिडकीतून बघत राहिले. मग म्हणाले, "राही, खरंच गं. जरा जरा सरकतोय आसं वाटतं."

"वाटनारच," बनुबाई म्हणाल्या. "गाडी लेट हाय."

दिल्लीच्या स्टेशनावर गोरक्ष आईला आणि सासूला न्यायला आला होता, पण चेहरा पांढराफटक. "मामी, मामा विमानातून उतरलेच नाहीत! मी तुमच्या गावी तारसुद्धा केली!" असं तो म्हणतोय तोच डब्यातून पाळणा घेऊन मामा उतरले. गोरक्षनं त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग आभाळाकडे. पुढचं विचारायला वेळ नव्हता. चांगुणाला कळा सुरू झाल्या होत्या. त्या गडबडीत गोरक्षनं गावाला दुसरी तार केली, 'मामा सुखरूप पोचले,' आणि सगळे दवाखान्यात धावले. चांगुणाच्या हातात आईचा हात आला, आणि दिवेलागणीला मुलगी झाली. आजोबा पोचायच्या आत झाली नाही, यातच गहिनीनाथांना सगळं मिळालं. विमान त्यांच्या मनातून उतरलं.

गावाच्या मनातून मात्र उतरलं नव्हतं.

महिन्याभरानं दोघं परतली, तर वेशीवर लेझीम. मारुतीच्या पारावर मांडव, आणि वर कापडावर मोठ्या अक्षरांत: 'श्री. गहिनीनाथ यांचा रशियाहून परत आल्याबद्दल जाहीर सत्कार.'

"रशिया?" गहिनीनाथांनी गनीभाईला कोपऱ्यात ओढलं. "कुनी सांगितलं?"

गनीभाई मान खाली घालून म्हणाला, "गहिन्या, माझा इलाज न्हवता रं. पयली तार आली, मामा इमानातून उतरले न्हाईत. झालं! वर गेला आन् खाली आला न्हाई म्हनून तुझ्या भावकीनं रडारड सुरू केली. अण्णा शोकसभेचं भाषन लिव्हाया बसले. मला बघवंना. मी म्हनलो, अरं, डुलकी लागली आसंल. येष्टीत न्हाई का मानूस झोपतो आन् नेवासा सोडून शेवगावला जातो? तसा फुडं गेला आसंल. मग अण्णांनी इचारलं, दिल्लीच्या फुडं काय हाय? कारखान्यावर रशियाचा टॅक्टर आलाय, म्हनून कुनीतरी म्हनलं, रशिया. तेवढ्यात दुसरी तार, सुखरूप पोचले. सगळ्यांना पटलं. त्याच इमानानं माघारी आला."

"आन् तू गप बसलास?"

"शोकसभा झाली आसती तर तुला बरं वाटलं आसतं का?"

मांडवात अण्णांचं भाषण सुरू झालं. परदेशात झोपून जाणारा आणि जागा होऊन मातृभूमीकडे परतणारा हा वीर, असं काहीतरी ते म्हणत होते. गहिनीनाथांना राहवेना. चार सत्कारांचं ओझं घाटात ट्रकला पेललं नव्हतं, त्यावर आता हा पाचवा. बायकांच्या बाजूला राहीबाई बसली होती. तिच्याकडे एकदा पाहून ते उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "माफ करा. मी रशियाला गेलोच न्हाई. इमानातबी बसलो न्हाई. तुमच्या सत्कारांपायी इमान सुटलं. मी मेलगाडीनं, थर्ड क्लासात, बायकूच्या हातची भाकर खात दिल्लीला गेलो."

लेझीमवाल्यांनी लेझमी खाली ठेवल्या. गहिनीनाथांना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

मग कारभारीअण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी फेट्याच्या शेवानं ते पुसले.

"बघा, मंडळी, बघा!" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "रशिया बघून आला, पर मानसाला गर्व शिवला न्हाई! आपल्यासारख्यांना वाईट वाटू ने म्हनून म्हनतो, मी थर्ड क्लासनं गेलो!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पारावरची कबुतरं उडाली. "खरं सांगतो, खरं सांगतो," गहिनीनाथ ओरडत होते, पण लेझीम सुरू झालं होतं. गर्दीतून घोडेगावचे साडू वाट काढत पुढं आले आणि कानाला लागले, "परवा आमच्याकडं. ह्या बारीला मोठा मांडव घालतोय. फकस्त येवढंच सांगा, तिकडं ज्वारी पिकती का?"

गहिनीनाथांनी असहायपणे राहीबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून गदगदून हसत होती. तिनं हातानंच खूण केली: वाका आता, हार घ्या.

ते वाकले. आणि वाकता वाकता साडूंना म्हणाले, "पिकती. पर थंडीनं दाना भरत न्हाई."