फणसाला कविता ऐकवणारे वानखडेकाका

आमच्या फाटकाशी रोज पहाटे एक माणूस फणसाला कविता ऐकवतो. मोठ्यानं! हात वर करून!

"अरे फणसा, तू कोणाले विचारून वाढला?
तुहे काटे, तुहेच कायदे!"

हे वानखडेकाका. स्टील प्लांटमधून रिटायर झाले, जवळच्याच सुपेला वस्तीतल्या फ्लॅटमध्ये गेले. त्यांचं कंपनीचं क्वार्टर बाबांना मिळालं. अंगणात स्वतः लावलेलं झाड काही उचलून नेता येत नाही. फणस आमच्याकडे राहिला.

"माणसानं झाडावानी उभं राहावं. एकटं!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. ना कधी युनियनमध्ये, ना गणपती मंडळात. लग्नात पंगतीकडे पाठ करून जेवायचे, असं आई सांगते. मी पत्रकं वाटणारी मुलगी. असा माणूस पाहिला की माझं डोकं फिरतं. एकेकटे राहतात म्हणूनच तर लोक चिरडले जातात!

त्यात कळलं, फांद्या विजेच्या तारेला लागतात म्हणून प्लांटवाले फणसच कापणार. मी पेटले. कॉलनी गोळा केली, घोषणा लिहिल्या.

"काका, उद्या सगळ्यांत पुढं तुम्ही!"

"मी कावून? झाड आपलं पाहून घेते. निसर्गाची ताकद तुले मालूम नाही, पोरी."

"निसर्गाकडे आरा मशीन नाही, काका!"

"नाऱ्यात घोळला का माणसाचा आवाज जाते," म्हणाले आणि चालू पडले.

सकाळी आरेवाले आले. आम्ही घसे फोडत होतो. तेवढ्यात काका, या वयात, कंपाउंडवरून चढून आत! फणसाला पाठ लावली आणि कविता सुरू. लांब. भयंकर लांब! मुकादम चक्क विडी विझवून खाली बसला. मग हळूच म्हणाला, "बाबूजी, हो गया?"

"अभी तो जड़ में हूँ. डालियाँ बाकी हैं!"

हसून हसून आमच्या घोषणा बंद पडल्या. मुकादमानं कपाळाला हात लावला, तारेकडच्या तेवढ्या फांद्या छाटल्या आणि गाडी वळवली. फणस वाचला! मी उड्या मारल्या. "जिंकलो, काका!"

लोक पांगू लागले. काका तिथंच उभे.

"सगळे ऐकून राहिले होते ना?"

"शेवटपर्यंत, काका."

"फ्लॅटवर मी सुरू केलं का लोक खिडक्या लावून घेते." ते हाताला लागलेला फणसाचा चीक धोतरानं पुसू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या बी येता काय? दोघं-चौघं असले तरी चालते."