दोन घंट्या वाजेपर्यंत

टिंग-टिंग.

फार वर्षांपूर्वी आजोबांच्या कानात शिरलेला हा आवाज अजून बाहेर पडलेला नाही. तेव्हा ते आजोबा नव्हते, बसचे ड्रायव्हर होते. कंडक्टरने दोरी ओढली आणि डोक्यावरची घंटी एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. मागे कोण चढलं, कोण उतरलं, कोण कुणाच्या पायावर पाय देऊन भांडलं, हे बघायचं काम ड्रायव्हरचं नाही. त्याने समोर बघायचं आणि घंटी ऐकायची. आजोबांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो कधी मोडला नाही. (आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत त्यांना इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.)

एकदा तर शेवटच्या थांब्यावर सगळे उतारू उतरून गेले आणि कंडक्टरला मागच्या बाकावर झोप लागली. आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी डेपोतली माणसं शोधत आली.

"अहो, निदान मागे वळून तरी बघायचं!"

"घंटी कुठे झाली?" आजोबा म्हणाले.

ही गोष्ट आजी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. आणि शेवटी म्हणते, "तेव्हाच मला कळलं, ह्या माणसाला नुसतं सांगून उपयोग नाही. घंटी लागते. आणि देवाने ती मला दिली नाही."

तर असे हे आजोबा, आणि त्यांची नात भिंगरी. खरं नाव शाळेत चालतं. घरात ती एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मुलांना घरच्या घरी कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकवणारा एक खोका तिच्या नावाने दर महिन्याला पोस्टाने यायचा. खोका आला की भिंगरी उड्या मारायची, वरचा रंगीत कागद काढून घ्यायची आणि खोका पलंगाखाली जायचा.

एका रविवारी जेवताना आजोबांच्या मुलाने, म्हणजे भिंगरीच्या बाबांनी, तो विषय काढला. "पलंगाखाली आता चपला ठेवायलाही जागा नाही. खोके बंद करू. पुढच्या महिन्यापासून तिला क्लासला घालू. शाळेतून परस्पर तिकडे जाईल, संध्याकाळी मी घेऊन येईन."

सून म्हणाली, "हो ना, खोक्यावरच लिहिलंय, मोठं माणूस बरोबर बसायला हवं म्हणून. आपण दोघंही ऑफिसात. कोण बसणार?"

आजोबांचा घास हातातच राहिला. शाळेतून परस्पर? म्हणजे दुपारी भिंगरी घरी येणार नाही? दाराशी एक बूट इकडे आणि एक तिकडे उडणार नाही? आज कुणाची कुणाशी कट्टी झाली, कुणाचा डबा सांडला, बाईंनी कुणाला उभं केलं, हे सगळं ती खाता खाता सांगायची आणि आजोबा "हं" म्हणायचे. ते "हं" म्हणणं एवढंच आता त्यांचं दिवसाचं काम उरलं होतं. तेही गेलं तर माणसाने दुपारभर करायचं काय?

"मी बसतो तिच्याबरोबर," आजोबा म्हणाले.

आजीने आमटीचा डाव हवेतच धरला. "तुम्ही? रिमोट उलटा धरला तरी तुम्हाला कळत नाही."

"बसायचंच आहे ना? बसायचं काम मी जन्मभर केलंय."

मुलगा हसला. "बरं. शनिवारी बघतो. तिने काही करून दाखवलं तर राहू दे घरीच. नाहीतर क्लास."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोका उघडला. आजोबांनी पुठ्ठा वर करून बघितला, खाली बघितला.

"भिंगरे, ह्यात कॉम्प्युटर कुठाय?"

"पहिला धडा कॉम्प्युटरशिवाय असतो आजोबा. एकाने मशिन व्हायचं, दुसऱ्याने त्याला सूचना द्यायच्या. तुम्ही मशिन."

"आणि तू?"

"मी प्रोग्रॅमर."

"म्हणजे कंडक्टर," आजोबा म्हणाले आणि त्यांना एकदम हायसं वाटलं. (हा धडा त्यांना समजला, असं वाटण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.)

भिंगरीने पुस्तिका उघडून नियम वाचले. "मशिनला स्वतःचं डोकं नसतं. सूचना दिली तेवढंच करायचं. दिली नाही ते करायचं नाही. मधे बोलायचं नाही. मशिनने आपल्या मनाने काही केलं तर प्रोग्रॅम फुकट."

"हे जमेल त्यांना," स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला.

खोक्यात जाड कागदाची कार्डं होती: पुढे, डावीकडे, उजवीकडे, उचल, ओत. काही कोरीही होती, हवं ते लिहायला. आणि एक पांढरं बटण होतं, दाबलं की घंटीसारखं वाजणारं. ते बघून आजोबांचे डोळे चमकले. एकदा वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की चालायचं, हे त्यांनीच ठरवून दिलं. भिंगरीला पटलं. मग तिने फरशीवर कार्डं ओळीने मांडली आणि बटण दोनदा दाबलं. आजोबा निघाले. कार्ड म्हणालं पुढे, ते पुढे गेले. कार्ड म्हणालं पेला उचल. कुणाचा, ते कार्डावर नव्हतं. आजी पाणी पीत होती, तिने ओठाला लावलेला पेला आजोबांनी उचलला आणि उजवीकडे वळून चालायला लागले.

"अहो! वेड लागलंय का?"

आजोबा बोलले नाहीत. बोलायचं कार्ड नव्हतं.

"अगं आजी, थांब ना, मशिन चालू आहे!"

"चाळीस वर्षं बंद पडलेलं मशिन बरं चालू झालं," आजी म्हणाली.

असं करत करत शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवायचं, म्हणून भिंगरीने मोठा प्रोग्रॅम मांडला: पेला उचलायचा, खुर्चीला वळसा घालायचा, पेला खुर्चीला धडकू नये म्हणून हात वर करायचा आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घालायचं. आजी दाढ काढायला दवाखान्यात गेली होती, त्यामुळे मैदान मोकळं होतं.

टिंग-टिंग. आजोबा निघाले. पेला उचलला, खुर्ची ओलांडली, हात वर केला. कुंडी एका पावलावर आली.

टिंग.

आजोबा थांबले. समोर कोपरा, बाजूला कपाट, डोक्यावर पाण्याचा पेला.

"आजोबा, इथे हात खाली घ्यायचं कार्ड लिहायचं राहिलं. वरच्या मैत्रिणीकडून लाल पेन आणते. हलू नका हं!"

भिंगरी पळाली. वरच्या घरी मांजरीला पिल्लं झाली होती. पिल्लांपुढे लाल पेन कुणाच्या लक्षात राहणार?

आजोबा उभे राहिले. नाकावर माशी बसली, उठली, परत बसली. खांदा दुखायला लागला. आत कुठेतरी शंका आली, की पोरगी विसरली असेल का? पण मग वाटलं, ही परीक्षाच असेल तर? मशिनने आपल्या मनाने काही केलं तर प्रोग्रॅम फुकट. प्रोग्रॅम फुकट म्हणजे क्लास. क्लास म्हणजे रिकाम्या दुपारी. आजोबांनी पेला घट्ट धरला.

तेवढ्यात सून ऑफिसातून लवकर आली. वरून भिंगरीचं हसणं जिन्यात ऐकू येत होतं, म्हणून तिची काळजी नव्हती. पण घरात आली तर सासरे भिंतीकडे तोंड करून उभे, हात वर, हातात पेला.

"बाबा? काय झालं?"

आजोबा गप्प. (आता सूनही परीक्षेत सामील आहे की काय, हे त्यांना कळेना.)

"बाबा, बरं वाटत नाही का? बसा ना."

बसायचं कार्ड नव्हतं.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. "अहो, बाबा बोलत नाहीत. कोपऱ्यात उभे आहेत. हातात पेला धरलाय, पण पीत नाहीत. ... नाही, रागावल्यासारखे दिसत नाहीत. पाठमोरे आहेत, कसं कळणार? ... क्लासचं मनाला लागलं असेल? बरं, विचारते."

ती हळूच जवळ आली. "बाबा, रुसलात का? क्लासचं म्हणून, की..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "की तुम्हाला ते कळलं? खरंच सांगते बाबा, मुद्दाम नाही केलं. तुमचा तो जुना खाकी शर्ट... पार विरला होता. मी तो फरशी पुसायला घेतला. तुम्हाला सांगणार होते."

आजोबांच्या पाठीतून कळ गेली. ड्रायव्हरकीचा शेवटचा शर्ट! ते कपाटात किती दिवस शोधत होते आणि इकडे तो रोज त्यांच्या पायाखालून घर पुसत होता. त्यांना खूप काही बोलायचं होतं. पण घंटी नव्हती. डोळ्यांत मात्र पाणी आलं. डोळ्यांना कुणी नियम सांगितले नव्हते.

"अगं बाई, रडतायत!" सून धावत जिन्यात गेली. वरून मांजरीला तपासून उतरणारे जनावरांचे डॉक्टर समोरच भेटले. तिने त्यांनाच हाताला धरून आत आणलं.

"अहो पण मी जनावरांचा..."

"बघा तरी! बोलतच नाहीत हो ते."

"त्याची काळजी नको. माझे पेशंट कधीच बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि बॅग खाली ठेवली. त्यांनी आजोबांची पापणी वर करून बघितली, पाठीवरून हात फिरवला आणि सगळे प्रश्न सवयीप्रमाणे सुनेला विचारले.

"खाणं व्यवस्थित?"

"सकाळी नेहमीसारखं खाल्लं."

"पाणी?"

"हातात आहे, पण पीत नाहीत."

"हं. चावतात वगैरे?"

"अहो डॉक्टर!"

"विचारावं लागतं. गुडघे बघू जरा." डॉक्टर कुंडी बाजूला सरकवून कोपऱ्यात शिरले आणि आजोबांच्या पुढ्यात उकिडवे बसले. त्यांचं टक्कल बरोबर कुंडीच्या जागी आलं. आजोबांना हे सगळं दिसत होतं. कुंडी हलली, हेही दिसत होतं. पण रस्त्यावर काय आलंय ते बघून गाडी वळवायचं कार्डही कुणी मांडलेलं नव्हतं.

एवढ्यात दार उघडलं आणि आजी आली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलायची सक्त मनाई. सून रडवेल्या आवाजात सगळं सांगू लागली. आजीने हाताने तिला थांबवलं. तिने आजोबांकडे बघितलं. फरशीवरच्या कार्डांकडे बघितलं. खुर्चीवर पडलेल्या पांढऱ्या बटणाकडे बघितलं. शेवटच्या थांब्यावरची ती बस तिला लख्ख दिसली असणार.

तिने बटण दोनदा दाबलं.

टिंग-टिंग.

आजोबा एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी पेला ओतला.

डॉक्टर भिजलेल्या टकलाने उभे राहिले. रुमाल काढून डोकं पुसत म्हणाले, "पेशंट ठणठणीत आहे. लाथ नाही मारली, हेच माझं नशीब." आणि बॅग उचलून घाईने निघून गेले.

त्यांच्यामागोमाग धापा टाकत मुलगा आत आला आणि मुलामागून भिंगरी. "आजोबा, पिल्लांनी डोळे..." ती मधेच थांबली. "तुम्ही अजून चालूच?"

"चालू नाही, थांबलो होतो," आजोबा म्हणाले. आता बोलायला हरकत नसावी, असं त्यांना वाटलं. पण खात्री नव्हती.

मुलगा कपाळाला हात लावून खाली बसला. "हेच शिकलात का दोघं? मी अर्ध्या कामातून पळत आलोय! नकोच ते. क्लासच बरा."

आजोबांचा चेहरा पडला. भिंगरी मात्र फरशीवर बसली होती आणि कार्डं बोटाने मोजावीत तशी एकेक तपासत होती.

"बाबा, मशिन बरोबर होतं. चूक माझीय. थांब म्हटलं, पण कुठपर्यंत ते लिहिलंच नाही. आणि समोर भलतंच काही आलं तर काय करायचं, तेही नाही. बघा." तिने दोन कोरी कार्डं ओढली आणि बाबांच्या खिशातलं पेन काढून वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'समोर कुंडी नसेल तर ओतू नको.' मग थोडा विचार करून दुसरं: 'कुणी घाबरलं तर थांबणं सोड आणि बोल.'

मुलाने ती कार्डं हातात घेतली. बायकोकडे बघितलं. बायको डोळे पुसत हसत होती.

"हे तुला पुस्तिकेत सांगितलंय?"

"नाही. आता सुचलं."

"राहू दे क्लास," मुलगा म्हणाला. "एवढं सांगितलेलं ऐकणारं मशिन तिथे कुठे मिळणार?"

आजोबांची मान ताठ झाली. त्यांच्या दुपारी वाचल्या होत्या. त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं. "मग? पुढच्या धड्यात मशिनने काय करायचं?"

"पुढच्या खोक्यात खरी चाकांची गाडी आहे आजोबा. तुम्ही नुसते बसा."

"आणि मग आता मला कशाला घेतलं होतंस?"

"पुस्तिकेत लिहिलंय ना. आधी अगदी साध्या मशिनवर हात बसवा, मग खऱ्यावर."

सगळे हसले. आजोबाही हसले, जरा उशिरा. मग हळूच म्हणाले, "आणि तो माझा खाकी शर्ट..."

सून जमिनीकडे बघू लागली. आजी आत गेली आणि तो शर्ट घेऊनच बाहेर आली. बाह्या गेलेल्या, एक बटण शिल्लक. आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. आजीने शर्ट त्यांच्या हातात ठेवला, फरशीवरच्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि खुर्चीवरचं पांढरं बटण उचललं.

टिंग-टिंग.

आजोबा मुकाट्याने गुडघ्यावर बसले आणि पुसायला लागले. आजीने पांढरं बटण पदराच्या टोकात घट्ट बांधलं आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेली.