भोकरला गेलेलं लोणचं

"पेटी कुठंय?" साखराबाईंनी लातूरच्या स्टँडवर विचारलं, तेव्हा त्यांचे यजमान ग्यानोबा बसच्या टपावर उभे होते. टपावर दोन सायकली होत्या, कोंबड्यांचा खुराडा होता. लोणच्याची पेटी नव्हती.

"आमदपूरला हमालाकडं दिली व्हती की!"

"पेटीवर लिवलं काय व्हतं?"

"आत काय हाय त्ये. भोकर."

 तांबड्या रंगातली हातभर अक्षरं वाचून हमालानं पेटी शेजारच्या भोकर गाडीवर चढवली असणार, हे साखराबाईंना न सांगता कळलं. पेटी गेली नांदेड जिल्ह्यातल्या भोकर गावाला!

दुष्काळानं शेत करपलं होतं, पण बांधावरची भोकराची तीन झाडं लगडली होती. बाजारात ती चिकट फळं कुणी हातात धरत नव्हतं. "असलं कुणी इकत घेतं का?" म्हणून बाया हसायच्या. तेव्हा साखराबाईंनी चाळीस लहान बरण्या लोणचं घातलं आणि नव्या लातूर जिल्ह्याच्या तीन दिवसांच्या प्रदर्शनात जागा मागितली. जागा मिळाली. आता मांडायला काही नव्हतं.

ग्यानोबा मिळेल त्या गाडीनं भोकरला पळाले. साखराबाई रिकाम्या टेबलामागे बसून राहिल्या. शेजारी उदगीरच्या उमादेवींचे पापड रचलेले होते. त्यांच्याकडं बघायचीही साखराबाईंना लाज वाटत होती. तेवढ्यात प्रदर्शनाची पाहणी करत मोठे साहेब आले.

"बाई, माल कुठं आहे?"

"भोकरला गेला, सायेब."

"सगळा?"

"एक बी बरणी ऱ्हायली न्हाई."

"कधी?"

"आज सकाळच्याच यष्टीनं."

साहेबांचे डोळे विस्फारले. "आपला जिल्हा होऊन वर्ष झालं नाही, आणि तुमचा माल नांदेड जिल्ह्यात खपतोय!"

"न्हाई सायेब, त्ये चुकून..."

पुढचं भोवती जमलेल्यांच्या टाळ्यांत बुडालं. संध्याकाळी साखराबाईंना पहिलं बक्षीस मिळालं.  दुसऱ्या दिवशी टेबलापुढं रांग लागली. खुद्द उमादेवी रांगेत होत्या. "बाई, मला दोन बरण्या लिवून ठेवा. असं काय हाय वो त्येच्यात?"

दुपारी ग्यानोबा घामाघूम होऊन आले. खांद्यावर पेटी! साखराबाईंना हायसं वाटलं.

"सगळ्या धड हायत," ग्यानोबा मोठ्यानं म्हणाले. "स्टँडवर दिवसभर उघड्यावर पडली व्हती. कुणी बोट बी लावलं न्हाई!"

रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. साखराबाईंनी घाईनं पेटीचं झाकण काढून एक बरणी उमादेवींपुढं धरली. "घ्या की वो ताई, आलं बगा!"

उमादेवींनी बरणी उजेडात धरली, हलवली, आतलं चिकट फळ निरखलं आणि हळूच टेबलावर ठेवली.

"ह्ये परत आलेलं नगं बाई. तिकडं खपलं ना, त्येच्यातलं द्या."

मागच्यांनीही माना डोलावल्या. बघता बघता टेबलापुढं फक्त ग्यानोबा उरले.

साखराबाईंनी एका हातातलं बक्षिसाचं प्रशस्तिपत्र बघितलं, दुसऱ्या हातातली बरणी बघितली. मग त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं.

"पेटी मागल्या दारानं भाईर न्या. उद्या सकाळी बरण्या पोत्यात घालून म्होरल्या दारानं आणा."

"सगळ्या?"

"छ्या! धाच आणा. आन् कुणी इचारलं तर म्हणा, एवढ्याच ऱ्हायल्यात."