चाळीस एमबीचं गाऱ्हाणं

अनिलने वाडीचं गाऱ्हाणं कापलं, तेव्हा आपण काही चुकीचं करतोय असं त्याला जराही वाटलं नाही. हातखंब्याला त्याचा लग्नाचे व्हिडिओ करून द्यायचा धंदा होता आणि कंटाळवाणं असेल ते कापायचं, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक होतं. आजवर त्याने कितीतरी व्याह्यांची भाषणं कापली होती आणि एकाही पाहुण्याने तक्रार केली नव्हती.

वाडीच्या मंडळाने यंदा मोठ्या कंपन्यांचा नाद सोडून व्हिडिओ टाकायला स्वतःचा छोटासा सर्व्हर घेतला होता. हे काय प्रकरण आहे ते अनिलने म्हाताऱ्यांना सहज पटवलं होतं. प्रत्येक गावाचं देऊळ आपापलं, पण शिमग्यात पालख्या एकमेकींना भेटतात ना, तसे हे सर्व्हर एकमेकांकडे व्हिडिओ पोचवतात. फक्त या देवळाचा दरवाजा अरुंद होता, चाळीस एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ आत शिरत नसे. आणि वाडीच्या राखणदार देवाला दरवर्षी कोंबडा देतात त्या राखणीला बाबल्यातात्यांनी घातलेलं गाऱ्हाणं चांगलं चौदा मिनिटांचं होतं. तात्या एकेका घराचं नाव घेऊन मागणं मागत आणि जमलेली वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. घरं एकतीस. अनिलने सुरुवात ठेवली, शेवट ठेवला, मधली सव्वीस घरं उडवली आणि तीन मिनिटांचा झकास व्हिडिओ मुंबईकरांसाठी चढवून टाकला.

दुपारी मुंबईहून मनस्वीचा, म्हणजे त्याच्या रघूकाकांच्या मुलीचा, फोन आला. रघूकाका इस्पितळात होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं बायपासचं ऑपरेशन होतं.

"दादा, बाबांचं नावच नाहीये रे त्यात. ते आता ऑपरेशनला नको म्हणतायत."

अनिलने फोन काकांकडे द्यायला सांगितलं. नाव घेतलं होतं, मीच ते कापलं, असं त्याने काकांना शपथेवर सांगितलं. काकांना ते पटेना. तीन वर्षं गावाला फिरकलो नाही म्हणून बाबल्याने आपल्याला मुद्दाम गाळलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तेवढाच तुकडा पाठवतो म्हटलं, तर तेही नको.

"तुझा धंदाच हाय कापायचा नि जोडायचा," काका म्हणाले. "तुकडा मागल्या वर्साचा नसंल कशावरनं? अख्खं गाऱ्हाणं लाव, सगल्या वाडीला दिसंल असं. नायतर मी काय टेबलावर चढत नाय."

अनिल मोटारसायकल काढून तात्यांकडे धावला. पुन्हा एकदा गाऱ्हाणं घाला, काकांना थेट फोनवर दाखवतो, अशी त्याने गळ घातली. तात्या अंगणात नारळ सोलत बसले होते. त्यांनी साफ नकार दिला. एकदा मागितलेलं दुसऱ्यांदा मागितलं तर आपण राखणदाराला बहिरा समजतो असं होईल, आणि त्याचा राग कोणी ओढवून घ्यायचा?

तेव्हा चौदा मिनिटं चाळीस एमबीत कोंबण्यावाचून इलाज उरला नाही. पहिल्यांदा एक्सपोर्ट केलं तर फाइल एकसष्ट एमबी झाली, सर्व्हरने ती दारातूनच परत पाठवली. दुसऱ्यांदा त्रेचाळीस झाली आणि तीन एमबीसाठी अनिलने लॅपटॉपसमोर हात जोडले. शेवटी चित्र इतकं बारीक केलं की तात्यांचं डोकं कुठलं आणि नारळ कुठला ते कळेना. पण फाइल अडतीसात बसली.

चढवण्याआधी त्याने ती मधूनमधून ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. तात्यांच्या सदऱ्याला वेगळा माइक लावलेला होता, लोकांचा आवाज फोनमध्ये टिपलेला होता. एक्सपोर्टच्या खटाटोपात ते दोन आवाज एकमेकांपासून सरकले असावेत. तात्यांचं मागणं संपायच्या आतच लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. दुरुस्त करायला वेळ नव्हता. त्याने जुना व्हिडिओ काढला, नवा लावला आणि मनस्वीला कळवलं.

पाच मिनिटांत तिचा फोन. नाव अजूनही नाही. मनस्वीचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर होतं आणि तिथे जुन्याचीच प्रत बसून राहिली होती. भेटून गेलेली पालखी काही न भेटलेली करता येत नाही. अनिलने तिला नव्याची लिंक दिली आणि चौदा मिनिटं घड्याळाकडे बघत बसला. इतका जीव त्याने दहावीच्या निकालालाही मुठीत धरला नव्हता.

मग काकांचा स्वतःचा फोन आला.

"अनल्या, आयकलं मी. बाबल्यानं माझं नाव घेतलान, नि मागणं पुरं मागायच्या आधीच वाडी व्हय म्हाराजा बोलली. माणसाला मागावं लागतं रे, राखणदारानं मला आधीच दिलान. आता डॉक्टरला काय कापायचं ते कापूंदे."

ऑपरेशन सुखरूप झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनस्वीने अनिलला तसं कळवलं. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तरी देवाच्या कामात आपल्या हातून खोटेपणा झाला, ही टोचणी राहिलीच. संध्याकाळी त्याने तात्यांकडे जाऊन सगळं कबूल केलं, आवाज सरकल्याचंही.

तात्यांनी शांतपणे पान लावलं.

"काय सरकलं नाय," ते म्हणाले. "चालीस वर्सं मी गाऱ्हाणं घालतोय. तिकडं कोंबड्याचा रस्सा शिजत असतो, कोनाला धीर नसतो. सगले आधीच वरडतात. आनि सगल्यांच्या आधी तू."