अकरा ते बाराची गायब बाई

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर मीच तिला जाणूनबुजून सोडलेली असते," अशी स्वतःची ओळख खासगी गुप्तहेर असलेले दाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला करून देत. शेजारी बसलेला मेहुणा मान डोलवी. सख्खी बहीण त्या घरात दिलेली, करणार काय बिचारा.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे यंत्रांच्या माहितीपुस्तिका काढणाऱ्या कचेरीचे साहेब. त्यांच्याकडच्या भाषांतरकार बाईंच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी महिन्यापूर्वी घरून काम करायची मुभा दिली, पण बाईंच्या संगणकात एक पहारेकरी प्रोग्रॅमही बसवला. त्याचा रोजचा अहवाल एकच: अकरा ते बारा, कीबोर्डला हात नाही.

"आज खुलासा झाला नाही, तर उद्यापासून कचेरीत यायचं. जमत नसेल तर राजीनामा," साहेब म्हणाले.

मेहुण्याच्या मनात आलं, म्हाताऱ्याला टाकून बाई कुठल्या यायला?

दाजींचे तर्क मात्र सुसाट सुटले. बाई दुसरीकडे नोकरी करतात.

"एका तासाची?" मेहुण्याने विचारलं.

"छोटी नोकरी."

मग, बाई झोपा काढतात. मग, त्या वेळी बाईंच्या जागी जुळी बहीण बसते आणि तिला टाइप करता येत नाही. हे साहेबांनाही पटू लागलं, तेव्हा मेहुण्याने घरीच जाऊन बघू असं सुचवलं.

तिघे बाईंच्या दाराशी पोचले तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. "माझी रोजची ऑनलाइन बैठक. बुडवून कसं चालेल," असं पुटपुटत साहेब अर्धा जिना उतरले आणि फोन समोर धरून बोलू लागले.

दाजींनी दाराला कान लावला.

"आत पुरुष आहे. एकटाच बोलतोय. बाईंना दम भरतोय."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, विश्वास हा संस्थेचा पाया आहे. पक्का बदमाश दिसतो."

दाजींनी दाराला खांदा दिला. दार नुसतं लोटलेलं, त्यामुळे ते थेट म्हाताऱ्यांच्या पलंगावर जाऊन आदळले. टेबलाशी बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. धडपड ऐकून साहेब बोलत बोलतच वर आले, आणि विश्वासाचा पाया त्यांच्या तोंडून आणि टेबलावरच्या लॅपटॉपमधून एकदमच ऐकू आला.

"हेच का ते?" म्हातारे म्हणाले. "रोज तासभर बोलतात. पोरीचं काम खोळंबतं हो."

"तुमचाच नियम आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलताना कुणी टाइप करायचं नाही."

साहेबांनी फोन बंद केला. लॅपटॉपही गप्प झाला.

"म्हणूनच मी गुन्हेगाराला मुद्दाम घटनास्थळी आणलं," कंबर चोळत दाजी म्हणाले.

साहेबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "महिन्यात किती पुस्तिका झाल्या?"

"नऊ. कचेरीत सहा व्हायच्या."

"अहवालात हे नव्हतं."

"अहवालाला बोटं दिसतात. पानं कुणी विचारलीच नाहीत."

साहेबांनी फोन खिशात टाकला. "घरूनच करा काम. बैठक सोमवारची सोमवारी घेऊ."

बाईंनी उगाचच वडिलांचं पांघरूण सारखं केलं, डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"आता निघता का तिघं? माझी कामाची वेळ आहे."

साहेबांनी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता सगळ्यांत आधी बाहेर पडले.