न रागावणाऱ्या आगाशे मॅडम

आमच्या आगाशे मॅडमना चूक दिसायची, पण त्या लगेच चष्मा काढून पुसत बसायच्या. कोणी काही बरं केलं की मात्र हातातलं टाकून उठायच्या आणि तिथल्या तिथे आलेपाकाची वडी द्यायच्या.

ठाण्याला नौपाड्यातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्या आमच्या मॅनेजर. माणसं कशी शिकतात यावरचा कसलासा कोर्स त्यांनी पन्नाशीनंतर केलेला. तेव्हापासून आम्ही नऊजण त्यांचा गृहपाठ झालो. "कौतुक गरम असतानाच वाढावं," हे त्यांचं पालुपद.

म्हात्रे दिवा स्टेशनहून लोकलनं यायचे. रक्त काढण्यात हात असा हलका, की पोरं रडायचं विसरत. पण रोज चाळीस मिनिटं उशीर. एकदा ते पस्तीस मिनिटं उशिरा आले, तर मॅडम वडी घेऊन दारात!

"मॅडम, मी लेट आहे."

"पाच मिनिटं लवकर आलात."

पुढच्या आठवड्यात उशीर वीस मिनिटांवर आला, मग दहावर. म्हात्रेंना संशय आला. "कुत्र्याला शिकवतात तसं शिकवताय का मला?"

"छे हो. कुत्रा दोन दिवसांत शिकतो."

सगळ्यात मोठ्यानं म्हात्रेच हसले. महिन्याभरात ते वेळेवर यायला लागले.

मला मात्र हे जरा नाटकी वाटायचं. एकदा दुपारी डबा खाताना मी विचारलंच, "मॅडम, तुम्हाला खरंच कधी राग येत नाही?"

"यायचा ना. नीरजवर." नीरज म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो. "त्याचा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं. आज बरी आठवण झाली आईची! दर वेळी हेच. फोन केला की टोमणा, नाही केला की शांतता. हुशार आहे गं तो. शिकला."

"आणि कोर्स?"

"तो त्यानंतर. म्हटलं, कुठे चुकलं ते तरी कळू दे."



पुढे काही महिन्यांनी आम्ही दोघी रिपोर्ट लावत होतो, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नाव बघून त्या उभ्याच राहिल्या.

"बोल रे बाळा... हो... छान वाटलं तुझा आवाज ऐकून."

चार-पाच मिनिटं बोलणं झालं. कधी येतोस, हे त्यांनी विचारलं नाही. पुन्हा फोन कधी करशील, तेही नाही. टेबलाची कड मात्र घट्ट धरून ठेवलेली.

फोन बंद झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"खरं सांग, माझ्या आवाजात कुठे तक्रार नाही ना आली?"