फांदी एक हात बाहेर

वडगोलीत तपासणी न झालेले भांडण तोंडातून बाहेर पडत नसे. माणूस तोंड उघडी, हातवारे करी, पण आवाज फुटत नसे. बाकीचे बोलणे सुरळीत चाले. नगरपालिकेने ही व्यवस्था आणल्यापासून भर बाजारात पोस्टाच्या शिक्क्यांचे आवाज ऐकू येत.

भूमापन खात्यातून निवृत्त झालेले नरहरपंत घैसास शेजारच्या मोकलांशी बावीस वर्षे रीतसर भांडत होते. मोकलांच्या शेवग्याची फांदी भिंतीवरून त्यांच्या अंगणात सुरवंट टाकी. भांडण रोज सकाळी सात ते सात वीस. पत्नी वारली होती, मुलगी रविवारी फोन करी. दिवसभरात दुसरे कुणी नरहरपंतांना हाक मारत नसे.

तपासलेल्या भांडणाचा नगरपालिकेचा दाखला वर्षाचा असे. पाडव्याला नवा घ्यावा लागे. यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी वावटळीत शेवगा पडला.

पाडव्याला सातच्या ठोक्याला दोघेही भिंतीशी आले, तोंडे उघडली आणि मिटली. मोकलांनी रीत म्हणून एकदा मूठ हलवली.

नरहरपंत तडक नगरपालिकेत गेले. खिडकीवर कडूबाई नावाच्या प्रोग्रामर बसत.

"कारण?"

"तेच. दरवर्षीचं."

"फांदी भिंतीबाहेर किती?"

"फांदी नाही आता. झाडच पडलं."

"मग शून्य हात. 'भांडण' हा टाइप आहे, काका, ठरलेला साचा. निदान एक हात असल्याशिवाय तो बनतच नाही."

"अहो, राग आहे ना माझ्याकडे! बावीस वर्षांचा!"

"राग वेगळा टाइप. तो भांडणाच्या रकान्यात बसत नाही."

नरहरपंतांनी आवाज खाली आणला. "शून्याच्या जागी एक टाका. कोण बघायला येतंय?"

"कुणीच येत नाही. म्हणून तर टाकता येत नाही. भांडण बनतं फक्त या खिडकीत. इथून गेलं की गावात कुणी पुन्हा तपासत नाही, फौजदारसुद्धा."

उभी हयात सरकारी नोकरीत गेलेल्या नरहरपंतांना हे पटले. त्याचाच त्यांना संताप आला; तोही विनातपासणी असल्याने आतच राहिला.

"साधं बोला की मोकलांशी," कडूबाई म्हणाल्या. "त्याला दाखला लागत नाही."

"काय बोलू? ओळख कुठं आहे तेवढी!"

दुसऱ्या दिवशी मोकलांनी पडलेल्या शेवग्याचे एक खोड भिंतीला अगदी खेटून रोवले. पूर्वीच्या झाडापेक्षा दोन हात जवळ. नरहरपंतांनी ते पाहिले, आत जाऊन बादली भरून आणली आणि भिंतीवरून त्या खोडाला पाणी ओतले. मोकलांनी बुंध्याशी पाणी पोचावे म्हणून भिंतीजवळची आपली खुर्ची बाजूला सरकवली. खोडाला फांद्या फुटल्या. त्या पावसाळ्यात नरहरपंत स्टुलावर चढून मोकलांच्या शेवग्यावरचे सुरवंट वेचत होते.

पुढच्या पाडव्याला भिंतीबाहेर आलेल्या फांदीचे मोजमाप झाले. टेपचे एक टोक नरहरपंतांनी धरले, दुसरे मोकलांनी. एक हात दोन बोटे. कडूबाईंनी आकडा घातला आणि भांडण बनले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नरहरपंतांनी घसा खाकरला.

"ओ मोकल! ही फांदी आवरा! माझ्या अंगणात आलीय!"

"येणारच! काय करायचंय ते करा!"

"बघून घेईन!"

"घ्या की! वर्षभर तेच तर करताय!"

सगळ्या आळीने ऐकले. कुणी तपासायला आले नाही. सात वीसला भांडण थांबले, नरहरपंतांनी बादली भरली आणि भिंतीवरून शेवग्याला पाणी घातले.